भाकरीचा कोरडा तुकडा

जेवून आडवं पडलं की माझ्या छातीत आग लागायची. आजार एवढाच. पण त्यापायी मी जवळजवळ अख्खा वर्षावास मरणाच्या भीतीत काढला आणि घरातल्यांनाही त्यात ओढलं. आमच्या विहारातल्या बायका म्हणतात, तुला काय झालं होतं ते सांग, आम्हालाही जळजळतं. तोंडाने सांगायला बसले की त्या मधेच आपापलं सुरू करतात. म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने तपासलं, वाक्यं माझी आहेत. गोड बोलणं मला जमत नाही, ते इथे शोधू नका.

पोट भरून उपोसथ

माझं माहेर भिवापूर. लग्न होऊन नागपूरला आले. मालक गिरणीत कामाला होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलगा प्रशांत आणि सून सुजाता यांच्याकडे राहते. खरं म्हणजे ते माझ्याकडे राहतात, घर माझ्या नावावर आहे.

पावसाळ्याचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, भन्ते विहार सोडून कुठे जात नाहीत. तो वर्षावास. रोज वाचन चालतं. आमच्यातल्या बऱ्याच बायका या काळात पौर्णिमेला अष्टशील घेतात. पांढरी साडी नेसायची आणि दिवसभर आठ नियम पाळायचे, तो उपोसथ. त्यातला एक नियम असा की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. दुसरा असा की उंच, मऊ बिछान्यावर झोपायचं नाही. बाकीच्या बायका पौर्णिमेपुरतं घेतात. मी भन्तेंसमोर म्हटलं, मी तीनही महिने रोज पाळीन.

शेजारची यमुनाबाई माझ्याच वयाची आहे. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "काहून वं? निब्बान तुले एकटीलेच पायजे का?"

"तुले झेपत नाही तं तू नको घेऊ," मी म्हटलं.

बारानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काही मिळणार नाही, तर आत्ताच भरून घ्या. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. उपाशी राहून वाढलेल्या माणसाच्या पोटाला ते आपोआप येतं. बारा वाजायच्या जरा आधी मी ताटावर बसायची. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा. रात्रीचं जेवणही त्याच ताटात. घड्याळाकडे पाहत शेवटचे घास भराभर लोटायचे, वर तांब्याभर पाणी प्यायचं. मग फरशीवर चटई टाकून सपाट आडवी. उशीसुद्धा घेत नव्हते. उशी मऊ असते.

पहिले काही दिवस नुसते ढेकर आले. मग आग सुरू झाली. पोटाच्या वरच्या टोकापासून निघायची आणि छातीच्या मधल्या हाडामागून गळ्यापर्यंत चढायची. तोंडात आंबट-कडू पाणी यायचं. कुशीवर वळलं तरी तेच. उठून बसलं की हळूहळू उतरायची. मी उठून बसायची, पदराने तोंड पुसायची आणि पुन्हा आडवी व्हायची. म्हातारपण आहे, मिरची आहे, असं स्वतःला सांगायची.

मग एका दुपारी आंबट पाणी गळ्याशी आलं आणि मला सखूबाई आठवली. त्या दुपारपासून आग वेगळी आणि भीती वेगळी, असे दोन आजार झाले. दुसरा जास्त वाईट होता.

सखूबाई

सखूबाई माझी मोठी बहीण. लहानपणी आम्ही दोघी मिरचीचे देठ तोडायच्या कामाला जायचो. दिवसभर लाल मिरचीच्या ढिगात बसायचं. बोटं पेटायची, डोळे पेटायचे, रात्री अंगावर पाणी घेतलं तरी पेटायचे. मी लग्न होऊन सुटले. ती तिथेच राहिली आणि तेच काम करत राहिली.

तिलाही असंच सुरू झालं होतं. जेवून पडलं की छातीत आग. भिवापूरला सगळे म्हणायचे, मिरचीतच जन्म गेला तर आग होणारच. ती सोडा घ्यायची, ताक प्यायची. पुढे तिला आडवं पडवेना. पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मग भाकर अडकायला लागली. भाकर सोडून भात धरला. भात अडकायला लागला तेव्हा पेज. तिला नागपूरला आणलं तोवर फार उशीर झाला होता. अन्ननळीचा कॅन्सर निघाला.

शेवटी पाणी जाईना. चमचा माझ्या हातात होता. तोंडात घातलेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून परत आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

आता कळलं असेल की मी जळजळीला घाबरले नव्हते. पुढे काय येतं ते मी पाहिलेलं होतं.

उतरतो का, ते पाहणं

मी घरात कोणाला सांगितलं नाही. स्वतःच स्वतःची तपासणी सुरू केली. सकाळी उठल्याबरोबर टोपल्यातला आदल्या दिवशीच्या भाकरीचा वाळका तुकडा घ्यायचा. पाणी घ्यायचं नाही. जेमतेम चावायचा आणि गिळायचा. एक हात छातीवर ठेवून तो कुठवर गेला ते बघायचं. गळा, हाड, त्याच्या खाली, पोट. उतरला, म्हणजे आजचा दिवस आपला. मग तोंड धुवायचं.

काही दिवशी तो मधेच थांबल्यासारखा वाटायचा. तेव्हा ओट्याला धरून उभी राहायची आणि थुंकी गिळत राहायची, जोवर तो हलत नाही तोवर. आता डॉक्टर म्हणतात की भीतीनेसुद्धा गळा आवळतो. तेव्हा मला हे कोण सांगणार? विचारलंच नव्हतं कोणाला.

मी जेवण कमी केलं. घास मोठा वाटायला लागला. आधी ठेचा सोडला, मग भाकर अर्धी ठेवायला लागले, मग भाजी. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले तेव्हा अजून घाबरले. सखूबाईचंही तसंच झालं होतं. आपण जेवत नाही म्हणून वाळतोय, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. भ्यालेल्या माणसाला अक्कल नसते.

घरात मात्र भलतंच चाललं होतं. सुजाता ऑफिसात कामाला जाते. माझा नियम म्हणून ती पहाटे उठून सगळा स्वयंपाक करून जायची, म्हणजे मला बाराच्या आत गरम करून जेवता यावं. संध्याकाळी येऊन बघायची तर अर्धं तसंच झाकलेलं.

"आई, भाजी बिघडली होती का?"

"नाही."

"मंग काहून ठेवली?"

"भूक नव्हती."

"तुमाले भूक नव्हती?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला भूक नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

असं चार-पाच वेळा झालं. मग एक दिवस तिने भांडं जोरात ठेवलं. "माह्या हातचं पटत नसन तं तोंडानं सांगा ना. डब्बा लावून देते."

प्रशांत वेगळा येऊन बसला. "माय, तू तिले काहून तरास देऊन राहिली वं?"

"मी काय केलं?"

"जेवत नाहीस. वरून विहारात बायकायले सांगते, भूक नाही. साऱ्या मोहल्ल्याले वाटते का सून सासूले उपाशी मारून राहिली."

एका वाक्यात मिटलं असतं. म्हणायचं होतं, बाबा, मला सखूसारखं होतंय. ते वाक्य मी तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. ते मात्र बरोबर उतरलं. मला वाटायचं, तो शब्द बोलला की तो घरात येऊन बसेल. सखूबाईला डॉक्टरने नाव सांगितलं आणि त्यानंतर ती झरझर गेली. म्हणून मी नाव घेत नव्हते. सुनेने मला खवचट म्हातारी समजलं, मी तिला समजू दिलं.

विहारात

रविवार होता. विहारात दुपारचं वाचन होतं, म्हणून सुजातापण आली होती. मी घरून जेवून निघाले होते. वाचन सुरू व्हायला वेळ होता. भिंतीकडेच्या चटईवर मी जरा पाठ टेकली आणि डोळा लागला.

जाग आली ती श्वास येत नाही म्हणून. आंबट पाणी घशात चढलं होतं आणि श्वासाच्या वाटेने आत गेलं होतं. खोकता येईना, आत ओढता येईना. छत दिसत होतं आणि आवाज लांब गेले होते. मला वाटलं, हे झालं. यमुनाबाईने मला ओढून बसवलं आणि पाठीत धपाधप मारलं. शेवटी एक घोगरा श्वास आत गेला. नाकाडोळ्यांतून पाणी, पांढऱ्या साडीवर डाग.

सुजाता धावत आली होती. यमुनाबाई तिला म्हणाली, "असंच होते हिले जेवून पडल्यावर. मी किती खेपा पाहिलं. उठते, थुंकते, पुन्हा पडते. तुमाले घरी मालूम नाही?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं.  वाचनाला थांबलो नाही. घराकडे चालताना निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "आई, तुमाले सखूमावशीवानी वाटून राहिलं का?"

मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. 

"हाव," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली. रस्त्यावर लोक जात होते. ती आधी रडली आणि मग चिडली. "आणि मी समजून राहिली का माह्या स्वयंपाकाचा राग आहे! किती दिवस मी त्यात मीठ कमी करून पाहिलं, तेल कमी करून पाहिलं. सांगायचं नाही का तुमाले?"

"सांगून काय झालं असतं?"

"मले झोप आली असती," ती म्हणाली. मग पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "उद्या सुट्टी टाकते."

रामदासपेठ

रामदासपेठेतल्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. प्रशांत रिक्षात सारखा म्हणत होता, "काही नाही निघत माय, अ‍ॅसिडिटीच राहते." त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता.

डॉक्टर बाई होत्या, सुजातापेक्षा लहान. छातीत आग म्हटल्यावर त्यांनी आधी हृदयाची पट्टी काढली. ती बरी आली. हे मुद्दाम लिहिते. छातीत काही झालं की गॅस आहे म्हणून ओवा चावत घरी बसू नका. आधी हृदय पाहू द्या.

मग त्यांनी विचारलं, गिळायला त्रास होतो का, वजन उतरलं का. दोन्हीला मी हो म्हटलं. सखूबाईचं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"माझं तेच आहे का?" मी विचारलं.

"आत कॅमेरा घालून बघू. बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

प्रशांतच्या 'काही नाही निघत'पेक्षा हे बरं वाटलं. 

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. बाकावर माझ्या शेजारी काटोलकडचा एक म्हातारा होता, खांद्यावर दुपट्टा. संत्र्याची बाग होती त्याची, पहाटेच्या गाडीने आला होता.

"पयल्यांदाच का, माय?" त्याने विचारलं.

"हाव. तुमची कितवी?"

"तिसरी बार. त्यायले वाटते माह्या पोटात दुसरी बाग सापडन."

मला हसू आलं आणि हसताना रडूही आलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही, खालीच बघत राहिला. ते बरं केलं. मग म्हणाला, "आत गेल्यावर डोये मिटू नका. मिटले का भेव वाढते. समोर काही दिसन त्याच्याकडं पाहत राहा." तो आत गेला. बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोलता येत नव्हतं. हातानेच मला सांगितलं, होते होते, काही नाही.

नर्सने माझ्या घशात फवारा मारला. कडू होता. म्हणाली, घसा बधिर होईल, घाबरू नका. मी सवयीने गिळायला गेले आणि गिळणं सापडेना. जीभ दुसऱ्याची, गळा दुसऱ्याचा. थुंकी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. सखूबाईच्या ओठाच्या त्याच कोपऱ्यातून पाणी आलं होतं. मी उठून पळायला लागले. खरंच सांगते, पाय खाली टाकले होते.

नर्सने माझी हनुवटी धरली. "आजी, औषधानं झालं हे. थोड्या वेळानं जाईन. माह्याकडे पहा." तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, मी ते बघत राहिले. मग डाव्या कुशीवर निजवलं, दातांत काहीतरी घातलं आणि नळी आत गेली. उमासे आले, डोळे फुटतील असं वाटलं. त्रास मोठा होता, पण लवकर संपला. नळीचा त्रास कोणी विचारला तर मी सांगते, बाळंतपणापेक्षा कमी. घशाचं बधिर होणं जास्त वाईट, आणि ते आधी कोणी समजावून सांगितलं तर तेही सहन होतं. म्हणून सांगून ठेवते आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आत जखमा आहेत, एक बारीक तुकडा तपासायला पाठवला आहे.

तुकडा म्हटल्याबरोबर सुजाताने माझा दंड धरला. तिची बोटं रुतली. 

वाट पाहणं

रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांचं लिहिण्यासारखं काही नाही. मी पेज पीत होते आणि बसून राहत होते. आडवी व्हायची भीती, गिळायची भीती, दारावर कोणी आलं की भीती. सकाळचा तुकडा घेणं मी सोडलं होतं. अडकला तर रिपोर्ट आधीच कळेल असं वाटायचं.

प्रशांत कामावर गेला नाही. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसून राहायचा. मग एकदा म्हणाला, "माय, तुले काही झालं तं..."

"तं काय? घर तुह्या नावावर होईन."

तो हसला नाही. उठून स्वयंपाकघरात गेला. मला चहा मांडायला गेला होता. तिथे गेल्यावर आठवलं की डॉक्टरने मला चहा बंद केला आहे. रिकाम्या हाताने परत आला आणि पुन्हा खुर्चीवर बसला. माझा मुलगा अर्ध्या केसांनी पांढरा झालेला आहे. त्या दिवशी शाळेतून मार खाऊन आल्यासारखा दिसत होता.

यमुनाबाई रोज यायची. एरवी तिच्या तोंडाला खळ नसते. त्या दिवसांत ती नुसती येऊन माझ्यासमोर लसूण सोलत बसायची, आपल्या घरचा लसूण घेऊन.

दार

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बसा म्हणायच्या आधी सांगितलं, "कॅन्सर नाही."

मला आनंद झाला नाही. मी विचारलं, "संडास कुठे आहे?" परत आले तेव्हा सुजाता भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि प्रशांत डॉक्टरांना तेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. अन्ननळी आणि पोट यांच्यामध्ये एक दार असतं. माझं ते ढिलं झालं आहे. पोट गच्च भरून आडवं पडलं की आतलं आंबट पाणी त्या दारातून वर येतं. रोज येऊन येऊन नळीला जखमा झाल्या. औषधाने भरतील, पण सवयी बदलल्या तरच.

"सखूबाईचंपण असंच सुरू झालं होतं. तिला तेव्हाच आणलं असतं तर?"

"माहीत नाही, आजी. त्यांना मी पाहिलेलं नाही."

खोटं काही बोलल्या नाहीत. 

मग त्यांनी जेवणाचं विचारलं. मी नियम सांगितला, ताटात काय काय असायचं ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, थोडं थोडं खायचं, दिवसातून चार वेळा, संध्याकाळीसुद्धा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून झोपायचं.

"बारानंतर मला चालत नाही," मी म्हटलं. "आणि पलंगही चालत नाही."

सुजाताने कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाल्या, "धर्माचं मला सांगता येणार नाही. मी पोटाचं सांगते."

दोन विटा

प्रशांतने त्याच दिवशी विटा आणल्या आणि धुऊन पलंगाखाली लावल्या. मी चटई घेऊन खाली बसले.

"माय, दोन विटांनं पलंग राजाचा होते का वं?"

"उंच म्हणजे उंच."

"कॅन्सर नाही निघाला म्हणून आता हे का?" तो ओरडला. माझ्यावर एवढ्या मोठ्याने तो कधी ओरडला नव्हता. "तिकडं आम्ही अर्धे मेलो, आणि तू विटा मोजून राहिली!"

 त्याचं खरं होतं, पण मी भन्तेंसमोर शब्द दिला होता. तेव्हा सुजाता म्हणाली, "चला, भन्तेंलेच विचारू." यमुनाबाई अर्थातच मागून आली.

भन्तेंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाराच्या आत किती जेवत होतात, आजी?"

मी सांगायच्या आधी यमुनाबाईने सांगितलं. "दोन माणसायचं, भन्ते. घड्याळ पाहून पाहून."

भन्ते हसले नाहीत. म्हणाले, "रात्रीचं जेवण सकाळी उरकलं. म्हणजे सोडलं काय?"

यमुनाबाईने मान डोलावली.

"आणि घरी जेवण उरायला लागलं, तेव्हा सुनेला काय सांगितलंत?"

"भूक नाही."

"तुम्ही जेवणाचा नियम पाळलात आणि खोटं न बोलण्याचा मोडलात. पंचशीलातला मोडून अष्टशीलातला पाळला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आजारात औषधाची मोकळीक भिक्खूंनासुद्धा आहे. तुमचं संध्याकाळचं जेवण औषध आहे. विटापण औषधच. बरं होईपर्यंत पंचशील पाळा. तेही काही सोपं नाही."

घरी आल्यावर मी पलंगावर आडवी झाले. डोकं उंच, पाय खाली, घसरगुंडीवर निजल्यासारखं. दुपार होती, जेवून बराच वेळ झाला होता. मी आगीची वाट पाहत पडून राहिले. आली नाही. तरी मी वाट पाहत राहिले.

आता

औषध चालू आहे. मी ताटात थोडं घेते. संध्याकाळी उजेड असतानाच दोन पोळ्या खाते आणि मग बाहेर खुर्चीवर बसते. यमुनाबाई येते. "बैस, महाराणी, बैस," म्हणते आणि स्वतः दारातच आडवी होते. तिलाही जळजळतं. तिला दवाखान्यात ने म्हणून मी तिच्या मुलाच्या मागे लागले आहे.

तुम्हाला सांगायचं ते इतकंच. पोट गच्च भरून लगेच आडवे पडू नका. रोजचं जळजळणं, घास अडकणं, वाळत जाणं यातलं काही असेल तर दाखवायला जा, आणि घरात सांगा. मी इतके दिवस एकटीने सखूबाईचं मरण मरत होते, आणि माझ्या शेजारच्या खोलीत माझी सून भाजीतलं मीठ कमी-जास्त करत होती.

भीती गेली का, असं बायका विचारतात. नाही गेली. जखमा भरल्या का ते बघायला पुन्हा नळी घालायची आहे. एखाद्या कार्यात चार घास जास्त गेले आणि आंबट पाणी वर आलं, की चमचा आणि सखूबाईचे डोळे तिथेच असतात.

म्हणून सकाळचा तुकडा मी पुन्हा सुरू केला आहे. डॉक्टर म्हणतात त्याची गरज नाही. मला आहे. पण आता टोपल्यात शोधावा लागत नाही. सुजाता आदल्या दिवशीच्या भाकरीचा तुकडा तोडून ओट्यावर वाटीखाली झाकून ठेवते. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी तो घेते, चावते, छातीवर हात ठेवते. ती पोळी लाटत असते, पण तेवढ्यापुरतं लाटणं थांबतं.

"उतरला?" ती न वळता विचारते.

"उतरला."

मग लाटणं पुन्हा चालू होतं.